थांबवून ठेवलेला खेळ

मित्रांनो, कुंभवलीच्या एका भाड्याच्या खोलीत, टीव्हीखाली, एक पिवळा पडलेला व्हिडिओ गेम बसलेला आहे. तो मी. माझ्या पोटात एकच कॅसेट चालते. तिच्यात लाल रुमाल बांधलेला एक ठेंगू माणूस आहे. त्याने पळायचे, खड्डे ओलांडायचे, हलत्या फळ्यांवर उड्या मारायच्या आणि शेवटचा पूल गाठायचा. एवढाच खेळ. मोबाइलमध्ये याहून मोठे खेळ असतात, हे मी जाणतो. तरी माझ्यासमोर बसलेला माणूस सहजासहजी उठत नाही. कारण माझ्यात लबाडी नाही. काल जिथे खड्डा होता, तिथेच तो आज असतो. पडलात तर का पडलात ते कळते, आणि कळले की हात पुन्हा रिमोटकडे जातो.

माझी उमेदीची वर्षे एका कॉलनीत गेली. तिथली मुले माझ्यासाठी भांडत, शेजारची मुले दारात चपला काढून आपली पाळी यायची वाट बघत. मग मुले मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो. खाऱ्या हवेने, कॅसेट जिथे टेकते त्या माझ्या पितळी पट्ट्यांना गंज चढला. शेवटी भंगारवाल्याने मला बोईसर स्टेशनजवळच्या मिथुनच्या दुरुस्तीच्या दुकानात आणून टाकले. मिथुनने पट्ट्या घासल्या, वायर बदलली आणि मी पुन्हा जागा झालो. तिथून दर्पणने मला उचलले.

दर्पण आणि सलोनी हे नवे जोडपे. दोघे शिरगावचे, दोघे कारखान्यात. त्याची पाळी दिवसाची, तिची रात्रीची. गाठ पडे ती दारातच. एकाचा डबा भरलेला, दुसऱ्याचा रिकामा. म्हणून दोघांनी मिळून एकच खेळ खेळायला घेतला. संध्याकाळी दर्पण खेळे आणि त्या ठेंगूला एखाद्या फळीवर थांबवून झोपी जाई. सकाळी सलोनी त्याला तिथून पुढे नेई. शेजारचा बुधा कंपनीची बस पकडायला गटारावरून अशीच उडी मारी, म्हणून ठेंगूचे नावही बुधाच पडले. झोपताना टीव्ही बंद होई, पण मला चालूच ठेवत. कारण मला बंद केले की मी सगळे विसरतो.

एका सकाळी दर्पण निघता निघता म्हणाला, "बुधाला पुलापाशी आणून ठेवलाय. एकच जीव उरलाय. हात लावू नको. सांजेला आपण दोघं बघू, पुलाच्या पलीकडं काय हाय ते."

"आणि मी लावला तं?"

"मंग तुझ्या हातचं कालवण खाणार नाय."

"नको खाऊ. तेवढंच मला जास्त."

तो हसत गेला. त्या संध्याकाळपासून दोघांनाही सुट्टी होती. कित्येक आठवड्यांनी दोघांची सुट्टी एकत्र आली होती.

सलोनी बोंबील आणायला निघाली. घरमालकीण काशीबाईची शिस्त अशी, की खोलीला कुलूप तर मेन स्विच खाली. माझ्यासाठी सलोनी एरवी ते टाळी. पण रात्रपाळीने तिचे डोळे मिटत होते. अंगणातून काशीबाई ओरडली, "सलोने, मेन पाडलास काय गो?" आणि सलोनीचा हात सवयीने स्विचकडे गेला.

ती परतली, मेन वर केला, टीव्ही लावला, तर बुधा पहिल्या पायरीवर उभा! सलोनी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

शेजारची हेमाली दारातून डोकावली आणि काय झाले ते ऐकून म्हणाली, "लाईट गेलेली, असं सांग."

"तो इथंच कंपनीत हाय. त्याची लाईट नाय गेली, मंग माझीच कशी गेली?"

"तं खरं सांग."

"सांगीन. पण बुधाला पुलापाशी नेऊन सांगीन. आमचं दोघांचं म्हणून एवढंच तं हाय गो."

तोंडावर पाणी मारून ती बसली. आधी घाईने खेळली आणि पुन्हा पुन्हा पडली. पाण्यावरच्या हलत्या फळ्यांपाशी तर बुधा दर वेळी बुडे. मग तिने रिमोट खाली ठेवला, चहा घेतला आणि नुसती फळीकडे बघत राहिली. लाट ओसरली की होडीत पाय टाकायचा, हे शिरगावात तिच्या लहानपणीच अंगवळणी पडले होते. तिने फळीलाही तशीच जवळ येऊ दिली. बुधा पार झाला. त्यानंतर तिचा हात चुकला नाही.

दर्पण आला तेव्हा बुधा पुलापाशी उभा होता.

"झोपली नायस? आणि एक जीव ठेवलेला मी. हे एवढे कुठून आले?"

"मेन पडला माझ्या हातून," सलोनी म्हणाली. "पहिल्यापासून आणलाय त्याला."

दर्पण बुटांसकट खाली बसला.

"पाण्यावरच्या फळ्या? तिथं तं मी रोज मरतो."

"लाटेसारखं बघायचं. घाई नाय करायची."

तो पुढे झाला आणि त्याने माझ्या बटणावर बोट ठेवले.

सलोनी ओरडली, "अरे, पूल!"

"पूल कुठं पळतोय? तुला खेळताना मी कधी बघितलंच नाय. पहिल्यापासून दाखव."

आणि त्याने मला आपल्या हाताने बंद करून पुन्हा चालू केले.

मित्रांनो, मला आजवर पुष्कळांनी बंद केले, पण असे कोणी नाही. त्या संध्याकाळी बोंबील थंड झाले. पुलापलीकडे काय आहे ते दोघांनी पाहिले. तुम्ही स्वतः या आणि पाहा. माझी विनंती एवढीच. जुन्या यंत्राची धूळ झटकत जा, त्याच्या वायरी पिळू नका, त्याला ओलीत ठेवू नका. आणि खेळायला बसलात की शेजारी कोणाला तरी बसवा. मी बंद झालो की सगळे विसरतो. शेजारी बसलेला माणूस विसरत नाही.