ताईचा ठोकळा

मित्रांनो, तुमच्या टेबलावर असतो ना, तसाच मी एक जुना कीबोर्ड आहे. तसाच म्हटले खरे, पण तुमच्याकडचा सडपातळ आणि मुका असेल. मी जाडजूड आहे आणि माझे बटण दाबले की शेजारच्या खोलीत ऐकू जाते. म्हणून घरात मला सगळे ‘ठोकळा’ म्हणतात. सुरुवातीला मला या नावाचा फार राग यायचा. पुढे एवढ्या मोठ्या गोष्टींचा राग आला, की हा कुठल्या कुठे गेला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईंनी माझे एकेक बटण बोटाने दाबून पाहिले आणि “हा टिकेल,” असे म्हणून मला खोक्यात घातले. मी टिकलो. टिकण्याचा तोटा असा, की सगळे बघत बसावे लागते.

मला ताईने घेतले. ती प्रोग्रामर होती. कोणती बस कुठे पोचली, हे थांब्यावरच्या पाटीवर दाखवणारा प्रोग्राम ती लिहीत असे. तिची बोटे माझ्यावर अशी चालायची, की मला स्वतःचाच हेवा वाटायचा. ऑफिसातले लोक म्हणत, “ठोकळ्याचा आवाज थांबला की समजायचं, ताईंना चूक सापडली.” तिच्यामुळे सगळे ऑफिस मला ओळखत होते, आणि मीही थोडा शेफारलो होतो.

संध्याकाळी ती मला घरी आणायची, कारण तिला धाकट्या भावाला शिकवायचे असे. हा धाकटा एका बोटाने टाइप करायचा आणि उघडलेला कंस मिटायला हमखास विसरायचा. प्रोग्राम अडला की मग हातपाय आपटायचा. ताई म्हणायची, “अरे, दार उघडलंस तर लावायचंसुद्धा. चोर शिरतील.” तो हसायचा आणि कंस मिटायचा. तो प्रोग्रामिंग माझ्यावर शिकला, मित्रांनो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे त्याने ते अजिबात ठेवले नाही.

त्यांच्या बाबांचे चष्म्याचे दुकान होते. एके दिवशी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात कापू लागला. चष्म्याचा स्क्रू असतो तिळाएवढा. कापऱ्या हाताने तो कसा बसवणार? दुकान बंद झाले असते तर बाबांनी हायच खाल्ली असती. धाकटा तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता. तो ताईला म्हणाला, “ताई, दोन वर्षं तू सांभाळ गं. मी जरा स्थिरस्थावर झालो की दुकानाचं मी बघतो. मग तू खुशाल परत जा.”

“नक्की?”

“तुझी शपथ.”

ताईने नोकरी सोडली. मी दुकानाच्या काउंटरवर आलो. पाटीवर बस आणणारा मी, आता गिऱ्हाइकाचे नाव, उजवा डोळा, डावा डोळा एवढेच टाइप करू लागलो. आतल्या खोलीत काचा घासल्या की त्यांची बारीक पूड माझ्या बटणांत जाऊन बसायची. मी ताईवर रुसलो होतो. तिने मला फसवले असेच मला वाटायचे.

पण तिचे कामात लक्ष नव्हते असे मात्र नाही. माणूस आत आला की त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर आहे, हे तिला दारातच दिसायचे आणि ती चष्म्याची काडी त्याप्रमाणे वाकवून द्यायची. पहिला चष्मा लागला म्हणून मुसमुसणाऱ्या मुलाला ती दारात नेऊन म्हणायची, “त्या झाडाची पानं मोज बघू.” पाने वेगवेगळी दिसतात हे पोराला पहिल्यांदाच कळायचे आणि ते रडायचे विसरायचे. ती चांगली चष्मेवाली झाली. फक्त तिची बोटे माझ्यावर चालेनाशी झाली.

धाकटा दर रविवारी जेवायला यायचा. दोन वर्षे झाली तेव्हा म्हणाला, “पुढच्या वर्षी नक्की.” त्यानंतर तो विषय बदलू लागला. त्यानंतर तर विषयच निघेना. तो मोठ्या कंपनीत मोठा साहेब झाला, त्याचे लग्न झाले. ताईने शपथेची आठवण कधी करून दिली नाही. मीही मूग गिळून बसलो. दुसरे काय करणार?

मग एका सकाळी दुकानातला बिलांचा प्रोग्राम बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, “परवा येतो.” ताई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिने तो प्रोग्राम उघडला आणि माझ्यावर बोटे ठेवली. आधी ती अडखळली, मग सुटली. जेवायच्या आत दुकान पुन्हा चालू झाले. बाबा खुर्चीतून तिच्याकडे बघत होते.

ते म्हणाले, “हा चेहरा मी फार वर्षांनी बघतोय. जा तू परत.”

“बाबा, आता मला कोण घेणार?”

“विचारल्याशिवाय कळणार का? दुकानाला मदतनीस बाई आहेत की. तुझ्याहून बऱ्या आहेत, निदान माझ्यावर ओरडत नाहीत.”

ताईने त्या रात्री चष्म्याच्या पेचकसाने माझे एकेक बटण काढले, आतली काचपूड झाडली आणि भिंगे पुसायच्या मऊ फडक्याने मला पुसले. माझा रुसवा तिथेच संपला.

परत जाणे सोपे नव्हते. तिने शिकलेल्या निम्म्या गोष्टी जुन्या झाल्या होत्या. तिच्या ओळीओळीला लाल खुणा उमटायच्या. ती रोज दुकान बंद करून बसायची, चिडायची, पुन्हा बसायची. ज्यांनी बरेच दिवस डोळे तपासले नाहीत त्यांना आठवण करून देणारा एक छोटा प्रोग्राम तिने दुकानासाठी लिहिला. तो चालला तेव्हा तिने बाबांना उठवून दाखवला. बाबांना काही समजले नाही, तरी त्यांनी दोनदा बघितला.

मग तिने धाकट्याच्याच कंपनीत अर्ज केला. परीक्षा दिली. मुलाखत घरूनच झाली. एकाने विचारले, “प्रोग्राम बिघडला तर सगळ्यात आधी काय कराल?” ताई म्हणाली, “धूसर दिसतंय म्हणून माणूस येतो, तेव्हा नंबर बदलायच्या आधी आम्ही त्याची काच पुसून बघतो. तेच करीन.” पलीकडचे हसले, पण खूश होऊन हसले. शेवटी म्हणाले, “आमच्याकडून पक्कं समजा. एक बारीकशी गोष्ट राहिली.”

ती बारीकशी गोष्ट अशी. त्या कंपनीत रीत होती, की उमेदवाराच्या ओळखीचे कुणी आत काम करत असेल, तर त्याला दोन ओळी लिहायला सांगायच्या. त्या दोन ओळींवर ताईची नोकरी अडली होती. आणि त्या लिहायच्या होत्या धाकट्याने. ताई निश्चिंत झाली.

रविवारी तो आला. स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, “तेवढं लिहून टाक रे, ते लोक थांबलेत.”

“आत्ताच लिहितो. माझ्या लॅपटॉपची बटणं बेकार आहेत. तुझा ठोकळा घेतो गं.”

मित्रांनो, तुम्ही जे पाठवता ते पडद्याला माहीत असते. तुम्ही जे खोडता ते फक्त आम्हा कीबोर्डांना माहीत असते. धाकट्याने आधी लिहिले, ‘ती माझ्यापेक्षा हुशार आहे. मला हे काम तिनेच शिकवलं.’ मी आनंदाने खडखडलो. मग तो थांबला. त्याने बायकोला निरोप लिहिला, ‘ताई नोकरीला लागली तर बाबांना आपल्याकडे आणावं लागेल.’ पुन्हा थांबला. स्वयंपाकघरात ताई त्याच्यासाठी फळे कापत होती.

मग त्याने खोडायचे बटण दाबून धरले. एकेक अक्षर मागे गेले. ‘शिकवलं’ गेले, ‘हुशार’ गेले. त्या जागी त्याने लिहिले, ‘पूर्वी बरी होती. आता इतक्या वर्षांनंतर तिच्यावर भिस्त ठेवावी असं मला वाटत नाही.’ आणि पाठवले.

केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. आणि तो केस मी होतो. मी अडलो नाही, एकही बटण अडकवून धरले नाही. मला तसे करताच येत नाही.

ताई फळांची बशी घेऊन आली. “लिहिलंस?”

“लिहिलं. चांगलं खणखणीत लिहिलंय.”

चार दिवसांनी नकार आला. ‘कामातील दीर्घ खंडामुळे’ असे त्यात होते. ताई बाबांना म्हणाली, “त्यांचंही बरोबर आहे. मीच म्हातारी झाले.” कितीतरी दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही.

तरी पोरगी चिवट. डोळ्यांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहिणारी एक लहानशी कंपनी तिला सापडली. तिथे तिला सगळ्यात खालच्या जागेवर घेतले. तिच्या साहेबीणबाई तिच्यापेक्षा वयाने कितीतरी लहान आहेत. आठवड्यातले निम्मे दिवस काम घरून असते, त्यामुळे बाबा जिथल्या तिथे, आपल्या खुर्चीत आहेत. धाकट्याची भीती अगदीच फुकट होती.

बातमी ऐकून तो केक घेऊन आला. म्हणाला, “आमच्याकडे तेव्हा मी किती भांडलो तुझ्यासाठी! पण ऐकतील तर शपथ.” ताईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “माहितीये रे मला. तू नसतास तर मी अर्जसुद्धा केला नसता.” आणि तिने मला माझ्या कारखान्यातल्या जुन्या खोक्यात घालून त्याच्या हातात दिले. “ऑफिसात याचा आवाज चालत नाही. तुला हा आवडतो ना? तू शिकलास यावर. घे.”

तो नको नको म्हणाला, पण ताईला वाटले, भिडस्त आहे.

मित्रांनो, आता मी त्याच्या कपाटात, जुन्या बुटांच्या मागे आहे. त्याने मला एकदाही जोडलेले नाही. तुम्हाला माझी विनंती एवढीच. आमच्यातली धूळ अधूनमधून झाडत जा, ओल्या हाताने आम्हाला शिवू नका. आणि समोर नसलेल्या माणसाबद्दल कुणी तुम्हाला विचारले, तर बोटांवर जे खरे आधी येईल, ते खोडू नका.

परवाच ताई बाबांना घेऊन इथे आली होती. कपाटाचे दार किलकिले होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. तिने विचारले, “ठोकळा चालतो ना रे नीट?”

धाकटा म्हणाला, “रोज त्याच्यावरच काम करतो.”

“बरं झालं बाई,” ताई म्हणाली, आणि ती खरेच समाधानाने हसली.