मेबलची टाकी

मेबलच्या डाव्या पंखाखाली पेट्रोलचा निळा डाग परत दिसला आणि माझं डोकंच फिरलं. मेबल म्हणजे आमचं सत्तेचाळीस सालचं दोन आसनांचं विमान. क्वीन्सलँडच्या या माळावर गुरं शोधायची तर तिच्याशिवाय भागत नाही.

"नोरीन, विकून टाक ते धूड," क्लॅरी म्हणाला. हा माझा दीर.

"तू गप बस. टाकी गळतेय ती तुझ्याच ठिगळातून!"

आमच्या शेडमध्ये जो ठिगळ लावेल, त्यानं त्यावर खिळ्यानं आपलं नाव कोरायचं. डाग नेमका क्लॅरीच्या ठिगळाखाली पडायचा. दोनदा मी त्यावर नव्यानं कथलाचा डाख लावला, तरी गळती तशीच.

आज मात्र मी हट्टालाच पेटले. टाकी उतरवून गरम पाण्यानं तीनदा धुतली. बाकीची भोकं बुचांनी बंद केली, तोंडावर गुरांच्या डॉक्टरचा रबरी हातमोजा बांधला आणि उरलेल्या एका भोकातून पंपानं हवा भरून तेही बंद केलं. मोजा पाची बोटं ताठ करून उभा राहिला. मग सगळीकडे साबणाचं पाणी फासलं.

क्लॅरीच्या ठिगळावर एक बुडबुडा येईल तर शपथ. मोजा मात्र हळूहळू मान टाकत होता.

त्या ठिगळाच्या वीतभर वर, दुसऱ्या एका ठिगळाच्या कडेला, बारीक फेस येत होता. पेट्रोल तिथून शिवणीवरून ओघळत खाली यायचं. मी अंगठ्यानं फेस पुसला. खाली कोरलेलं होतं: नोरीन.

क्लॅरीनं ते वाचलं. "मग? विकायचं?"

"ब्लोलॅम्प पेटव, डाख लावते," मी म्हणाले. "आणि खिळा दे. नाव परत माझंच कोरणार."