त्या बाईचं शिक्षण

छापलेला कागद न वाचता सोडायचा नाही, ही रंजनाची जुनी खोड. सायलीच्या औषधाच्या पट्टीमागची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा ती उजेडाला धरून वाचायची. म्हणून उधना दरवाज्याजवळच्या त्या व्हिसाच्या ऑफिसात टेबलापलीकडच्या धनश्रीने तीन कागद पुढे सरकवले आणि "फुली आहे तिथे सह्या करा, मॅडम" म्हटलं, तेव्हा चेतनने टोपण काढून पेन हातात दिलं तरी ती वाचतच बसली.

पहिला कागद ठीक होता. दुसराही ठीक. तिसऱ्यावर इंग्रजीत जेमतेम चार ओळी होत्या. मी, रंजना चेतन बोरसे, शिक्षण बारावी, गृहिणी, राहणार गोडादरा, लिहून देते की माझे पती कॅनडाला जात असून मी आणि माझी मुलगी आमच्या मर्जीने सुरतेतच राहणार आहोत.

आपलंच काही चुकतंय असं वाटून तिने पुन्हा वाचलं. मग शब्दाखाली बोट ठेवून तिसऱ्यांदा. तिच्या कानात दडे बसले. मांडीवरची सायली काहीतरी विचारत होती, पण तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

"हे काय आहे?"

"अगं, फॉर्मॅलिटी आहे," चेतन म्हणाला. "सही कर. मला तीन वाजता मिलमध्ये पोचायचंय."

बमरोलीच्या एका डाईंग मिलमध्ये तो मशिनरी सांभाळायचा. घरात त्याला सगळे इंजिनिअरच म्हणत, डिप्लोमाचं नाव कोणी काढत नसे.

"यात लिहिलंय की आम्ही येणार नाही."

"आत्ता नाही. वर्षभरात बोलावून घेतो ना."

"आठ महिने तुम्ही आपण तिघं, आपण तिघं म्हणताय." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "थंडीत तिबेटी लोकांच्या बाजारात तीन जॅकेटं घेतली. माझं निळं तुम्ही निवडलंत. गुडघ्यापर्यंत आलं पाहिजे म्हणालात."

चेतनने पेनाचं टोपण पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

"कधी ठरलं हे?"

"दिवाळीत."

जॅकेटं जानेवारीत घेतली होती. म्हणजे आपण आरशासमोर बाह्या मापत होतो, तेव्हा या माणसाला माहीत होतं!

तिला सकाळ आठवली. धुरपदाबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, न सांगता शिरा केला होता. ती निघताना दारापर्यंत येऊन, डोक्यावरचा पदर सारखा करत त्या म्हणाल्या होत्या, "सही करी टाकजो. तठे जास्ती बोलू नको." सासूबाईंची नेहमीची धास्ती, असं समजून ती हसली होती.

"आईंना माहीत होतं?"

चेतन वाकून सायलीच्या बुटाची नाडी बांधू लागला.

धनश्री चोवीस-पंचवीसची असेल. ती अवघडून गेली होती. "मॅडम, तुम्हाला ठाऊक नव्हतं? आमचे मोठे सर म्हणाले, घरात बोलणं झालंय."

"तुम्ही सांगा मला. नीट सांगा. का असं लिहावं लागतं?"

धनश्रीने चेतनकडे पाहिलं, मग रंजनाकडे, आणि खुर्ची पुढे ओढली. "हे सगळं मार्कांवर चालतं. वय, शिक्षण, इंग्रजी, नोकरी. एकटा माणूस जाणार असेल तर सगळे मार्क त्याचेच. बायको सोबत असली की थोडे मार्क त्याच्याकडून काढून बायकोच्या नावाने ठेवतात. तिचं शिक्षण, तिचं इंग्रजी असेल तर ते परत मिळतात. नसेल तर गेले. सरांचे असे पंचवीसेक जातात."

"पण माझं शिक्षण आहे," रंजना म्हणाली. "मी एम.एस्सी. आहे. केमिस्ट्री. इथे बारावी कोणी लिहिलं?"

आता धनश्रीच चकित झाली. "एम.एस्सी.?"

"तिचे कागद चालत नाहीत," चेतन घाईने म्हणाला. "सर्टिफिकेटवर नाव दुसरं आहे ना. मी मोठ्या सरांना फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले, पासपोर्ट रंजनाचा, डिग्री कुणा हर्षदाची. त्या बाईचं शिक्षण तुमच्या बायकोला कसं धरणार?"

त्या बाईचं!

जळगावला पाच वर्षं बसने ये-जा करून शिकलेली हर्षदा सुकलाल पाटील ही 'ती बाई' होती. लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं होतं आणि त्यात चेतनने अंगठीने 'रंजना' असं कोरलं होतं, कारण नणंदेचं नावही हर्षदाच होतं आणि एका घरात दोन हर्षदांना हाक कशी मारायची? मांडवातल्या बायका हसल्या होत्या. तीही हसली होती. पुढे आधार, बँक, पासपोर्ट, सगळीकडे ते तांदळातलं नाव गेलं. डिग्री तेवढी कपाटात, साड्यांच्या खाली, जुन्या नावाने राहिली.

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला नाहीत की ती बाई माझ्याच घरात असते?"

"मम्मी, कोण बाई?" सायलीने विचारलं.

"मीच गं."

धनश्री हळूच म्हणाली, "मॅडम, त्याला एक प्रतिज्ञापत्र लागतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं. सोबत लग्नाचा दाखला जोडायचा. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या बायकांची तशी किती येतात."

"एवढंच?"

"एवढंच."

एक कागद! एका कागदापायी तिला आणि चार वर्षांच्या पोरीला मागे ठेवायचं ठरलं होतं, आणि तो कागद मिळतो का, हे विचारायलासुद्धा कोणी गेलं नव्हतं.

"माझं शिक्षण धरून मार्क काढा," ती म्हणाली. "इंग्रजीची परीक्षा मी देईन."

"उगाच वेळ जातोय," चेतन पुटपुटला. धनश्रीची बोटं मात्र चालू लागली होती.

"चांगला निकाल लागला असं धरून काढते हं. हा अंदाज आहे." ती स्क्रीनकडे बघत राहिली. "सर, मॅडम सोबत असल्या तर तुमचे मार्क एकट्यापेक्षा पाचने जास्त होतायत."

"जास्त?" चेतन पुढे वाकला. "असं कसं?"

"मॅडम, तुम्ही नोकरी केलीय का?"

"सायलीच्या आधी. पांडेसऱ्याला, मिलच्या लॅबमध्ये. रंगांच्या चाचण्या करायचे. दोन वर्षं."

"पत्र आहे?"

"आहे. ते रंजनाच्या नावाने आहे." हे सांगताना तिला रडू येईल की हसू, तेच कळेना.

धनश्रीने पुन्हा आकडे भरले. यावेळी जरा जास्त वेळ लागला. मग तिने स्क्रीनच दोघांकडे वळवली.

"सरांच्या जागी मुख्य अर्जदार म्हणून मॅडमना टाकून बघितलं. वय कमी, शिक्षण जास्त. तीसेक मार्क वर जातायत. मोठ्या सरांना दाखवावं लागेल, पण अर्ज मॅडमच्या नावाने करायला हवा होता."

चेतन हसला. कोणी गंमत केली की हसतात तसं. मग त्याने धनश्रीचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू तसंच अर्धवट राहिलं. "मग मी?"

"तुम्ही जोडीदार, सर. तुमचा डिप्लोमा जोडीदाराच्या रकान्यात."

रंजनाने तिसऱ्या कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि तो पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"मम्मी, कॅनडात नाश्त्याला लोचो मिळतो?" सायली म्हणाली.

"थांब जरा."

"अर्ज असाच तुमच्या नावाने भरून ठेवू का?" धनश्रीने विचारलं. रंजनाने मान डोलावली. नाव, जन्मतारीख, शिक्षण. एम.एस्सी. ही अक्षरं एकेक करून उमटताना तिने डोळ्यांनी टिपली. मग धनश्रीची बोटं थांबली.

"जोडीदार सोबत येणार? हो की नाही?"

प्रश्न साधाच होता. रंजना उत्तर द्यायला गेली आणि दचकली, कारण 'नाही' हा शब्द तिच्या अगदी दातांपर्यंत आला होता. इतका सोपा असतो तो? दिवाळीत, त्या फोनवर, चेतनला तो इतकाच सोपा गेला असेल?

तिने चेतनकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, डोळे विस्फारून, पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाकडे बघावं तसा.

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली. "मला कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही त्यांना विचारा."

धनश्री वळली. "सर?"

चेतन काहीतरी बोलला. इतकं हळू, की धनश्रीला पुन्हा विचारावं लागलं.

"हो," तो म्हणाला. "लिहा. येणार."