दादाचा हिरवा रंग

दवाखान्याच्या काउंटरवरच्या टायवाल्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुमचे बंधू आमचे सगळ्यात गुणी पेशंट आहेत. दोन महिने रोज हसरा चेहरा, एकही खाडा नाही."

माझा गुणी दादा त्या वेळी घरी पलंगाखाली बसला होता. गोळ्या गालात धरून मागाहून थुंकायचा. भिंतीतली माणसं त्याला शिव्या घालत होती आणि झोपेचं तर नावच नको. मागच्या खेपेला असाच बिघडला तेव्हा घरातून निघून गेला आणि सापडला तो पुलाच्या कठड्यावर. म्हणून मला डॉक्टरांची वेळ हवी होती, आणि लगेच हवी होती. चष्म्याच्या दुकानातून अर्धी रजा टाकून मी आले होते.

"वेळ लाल पेशंटना मिळते," टायवाला म्हणाला. "हे हिरवे आहेत." भाजी निवडत असल्यासारखा बोलत होता.

पूर्वी आमच्याकडे दर आठवड्याला एक सिस्टर यायची, दादाजवळ बसून बोलायची. दवाखान्याने तिला काढलं आणि हे ॲप आणलं. रोज सकाळी ते विचारतं, आज कसं वाटतंय? खाली पाच चेहरे, एक दाबायचा. हसरा दाबला की पेशंट हिरवा, रडका दाबला की लाल. सगळं जग आपल्यावर पाळत ठेवून आहे असं ज्याला वाटतं, त्याच्या हातात पाळत ठेवणारा फोन द्यायचा. कुणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं, देव जाणे. दादाने पहिल्याच दिवशी तो फोन वॉशिंग मशीनमध्ये कोंबला आणि परत त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

मग दोन महिने हसत कोण होतं?

घरी आले तर आई चादरींच्या घड्या घालत होती. "मशीनमधून फोन काढला तेव्हापासून मीच दाबते," ती म्हणाली. "बिचारं रोज नेमाने चौकशी करतं. परक्यापुढे घरचं रडगाणं कशाला गायचं? बरं दिसतं का ते?"

मी कपाळाला हात लावला. चिडले तिच्यावर, नाही असं नाही. पण तिला निदान रीतभात होती. त्या दीडशहाण्यांनी दोन महिने माझ्या आईची खुशाली मोजली आणि दादा सुधारला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मी आईला रडका चेहरा दाबायला लावला. तिने तोंड फिरवून दाबला. थोड्याच वेळात टायवाल्याचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"हा चेहरा पेशंटने स्वतः दाबला का?"

"आईने दाबला. आधीचे हसरेही तिनेच दाबलेत."

"मग हा धरता येणार नाही, ताई. पेशंटनेच दाबायला हवा."

"आणि ते हसरे?"

"ते सिस्टिममध्ये चढलेत. आता काढता येत नाहीत."

"मी त्याला असाच घेऊन येते."

"लाल झाल्याशिवाय डॉक्टर बघणार नाहीत."

याला काय म्हणावं? खोटं चाललं, खरं मात्र नियमात बसेना. मी फोन ठेवला आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आईनेही मला अडवलं नाही.

तेवढ्यात पलंगाखालून आवाज आला, "चिमे, आण तो इकडे."

दादाने सगळं ऐकलं होतं. मी खाली बसून फोन पुढे सरकवला. त्याने शर्टाच्या बाहीत बोट लपवून रडका चेहरा दाबला. बाहीतून फोन काही घेईना. दोनदा दाबलं, तीनदा दाबलं. मग त्याने बाही वर ओढली, भिंतीला म्हणाला, "बघा काय बघायचंय ते," आणि उघड्या बोटाने दाबला.

स्क्रीनवर रंगीत कागदाचे कपटे उडाले. 'शाब्बास! आज तुम्ही स्वतःची काळजी घेतलीत.' खाली उद्या सकाळची वेळ आली.

आग लागो त्या शाब्बासकीला.

दादाने फोन माझ्याकडे ढकलला. "उद्या तिथे कुणी माणूस असेल ना?"

टायवाल्याची हमी मी कुठून देऊ? दादाचा हात धरला आणि म्हटलं, "मी असेन."