सरपंचांचा खांदा

हंबीरराव पाटील पलटणीतून हवालदार होऊन परतले आणि शिराळ्याकडच्या आपल्या गावचे सरपंच झाले. पलटणीत हुकूम स्पष्ट असे. इथे मात्र त्यांचे डोके चालेना. राज्यघटनेत 'धर्मनिरपेक्ष' शब्द आल्याचे रेडिओने सांगितले होते. म्हणजे आपण करायचे तरी काय? ग्रामसेवक म्हणाला, "जपून ऱ्हावा, आण्णा. सरकारी मानसानं धर्माच्या भानगडीत पडू नये."

आणि नेमका मोहरम तोंडावर आला! गावच्या ताबुताला पहिला खांदा पाटलांचा. त्याशिवाय ताबूत जागचा हलत नसे. ताबूत बांधणारा कुतुबुद्दीन आदल्या दिवशी बोलवायला आला, तर हंबीरराव मान खाली घालून म्हणाले, "गड्या, औंदा जमायचं न्हाई. मी आता सरकार हाय."

कुतुबुद्दीन आल्या पावली परतला. हंबीरराव चावडीत येऊन बसले. लहानपणापासूनचा दोस्त! आपण कायदा पाळला की मैत्री मोडली, काही उमगेना.

संध्याकाळी कुतुबुद्दीनची आई जन्नतबी काठी टेकत चावडीत आली.

"हंबीर, खांदा का देत न्हाईस रं?"

"चाची, सरकारला धर्म नसतो."

"नसूच दे की! मग गावाचा नळ देवळाच्या आवारात कसा बसवलास? पानी येतंय सकाळी, पूजेच्या वक्ताला. पूजा हुईस्तवर आमच्या बायका घागरी घिऊन भाईर उभ्या, तवर पानी जातंय. तिथं तू सरकार न्हवतास व्हय? आन ताबूत उचलाया मी सरकारला बोलवलंच न्हाई. माझ्या दारात वाढल्याल्या हंबीरला बोलावलंय!"

हंबीरराव चपापले. अरे देवा! सारे उलटेच करून बसलो की!

"चुकलं, चाची. जागा सोयीची वाटली. तुमचा इचारच मनात आला न्हाई."

"त्येच तर लागलं आमाला."

सकाळी हंबीररावांनी स्वतः कुदळ घेऊन नळासाठी चावडीसमोर चर खणायला घेतला. पंच लालासाहेब तणतणत आले, "देवाच्या दारचं पानी हलवता?"

"देवळाला पायजे तर दुसरी तोटी घिऊ. ह्यो नळ गावाचा हाय."

दुपारी हातपाय धुऊन ते ताबुताखाली उभे राहिले. हे नियमात बसते का, ते अजूनही त्यांना नक्की ठाऊक नव्हते. पण ग्रामसेवकाला विचारायला ते गेले नाहीत. कुतुबुद्दीनने सरकून जागा दिली.

नागरिकहो, खुर्चीत बसल्यावर माणसाने कुणाचा धर्म पाहू नये. मात्र खुर्चीतून उठल्यावर शेजाऱ्याकडे पाठ फिरवा, असे कोणतीही राज्यघटना सांगत नाही!