पेट्रोलचा काटा

शिवदास पाटलांनी गाडीचं दार उघडलं, आत वाकून किल्ली फिरवली आणि पेट्रोलच्या काट्यासमोर बोट धरलं. काटा हळूहळू चढत पाऊण टाकीवर थांबला.

"काल तिन्हीसांजेला ठाण्याहून येताना हा पार तळाला होता. मी मागच्या सीटवरून बघितलाय. आता वर कसा आला?"

"मलापण कळत नाय, पाटील," महिपत म्हणाला.

"मला कळतंय. वाटेत विकलंस. मी बघितलं हे कळल्यावर घाबरलास आणि सकाळी परत भरलंस."

अंगणात महिपतची बायको दुर्गा तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. महिपतने तिच्याकडे बघायचं टाळलं. तीन वर्षं तो पाटलांची गाडी चालवत होता. पाटलांच्या आजारी आईला दवाखान्याच्या पायऱ्या त्यानेच पाठीवर घेऊन चढवल्या होत्या. त्याचे कान तापले.

"महिनाभर सांगतोय, गाडीत बिघाड आहे. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. वळताना बाजूने बाहेर येणारा इशाऱ्याचा हात अर्ध्यात अडकतो. तुम्ही म्हणता, चालतेय ना, चालव."

"वायरींशी तूच खेळलास. चोरी झाकायला."

"मग चला धाकू मिस्त्रीकडे. आत्ताच. मी वायरींना हात लावलाय असं तो म्हणाला, तर हिला घेऊन आजच मोरवा गाव सोडतो."

किल्ली फिरवली तेव्हा गाडी नुसती कटकटली. मिठागरावरच्या दोन गड्यांनी ढकलून ती सुरू केली. धाकूचं गॅरेज स्टेशनजवळ होतं.

धाकूने वायरी शेवटपर्यंत चाचपल्या. मग बॅटरीची झाकणं उघडून काचेच्या नळीने एकेका खान्यातलं पाणी तपासलं. तिसऱ्या खान्यावर तो थांबला.

"महिपत, इंजिन बंदच ठेव. नुसती किल्ली फिरव आणि दिवे लाव. पाटील, तुम्ही काटा बघा."

भर दुपारी दिवे पिवळट लागले. काटा खाली घसरू लागला. अर्धी टाकी, पाव टाकी, तळ.

"आता दिवे बंद कर."

काटा पुन्हा वर आला.

"वायरींना कुणी हात लावलेला नाय," धाकू म्हणाला. "बॅटरी बसलीय. जो काय जोर उरलाय तो दिवे खातात, मग काट्याला काय मिळणार? हॉर्नचं, हाताचं, सगळं दुखणं हेच."

पाटलांनी काट्याच्या काचेवर बोटाने टकटक केलं.

"नवी टाक," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

महिपत अजून काही ऐकू येईल म्हणून उभा राहिला. पाटलांनी रुमालाने मान पुसली, बस्स. त्यांना बाहेर ओढून काढावं असं महिपतच्या हातांना वाटलं. त्याने हात पाठीमागे धरले.

नवी बॅटरी आवळता आवळता धाकू सहज म्हणाला, "ह्याच्या आधीचीपण अशीच गेलेली. राघोला काढलं ना, त्याच महिन्यात मी बदलली."

महिपतचे हात सुटले.

राघो त्याच्या आधीचा ड्रायव्हर, चौक गावचा. पेट्रोल विकतो म्हणून पाटलांनी त्याला हाकललं होतं. महिपत तेव्हा मिठाच्या लॉरीवर होता, आणि एका संध्याकाळी ह्याच गाडीत राघोच्या शेजारी बसून घरी आला होता. पाटलांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं होतं, काटा खाली पडताना मी बघितलाय. ते खोटं नव्हतं. आठ दिवसांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात आली होती.

परतताना मोरव्याचा फाटा आला. महिपतने गाडी वळवली नाही.

"कुठे चाललायस?"

"चौकला. राघोकडे."

"गाडी मागे घे."

"नाय घेत. घरी गेल्यावर काढून टाका मला."

"महिपत, मी सांगतोय."

"मागल्या वेळी तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं. आता दोघांनी जाऊन सांगायचं."

पाटील मागे टेकून बसले. उत्तनच्या चढावर गाडी ठणठणीत चालली.

राघो किनाऱ्यावर उलट्या होडीला डांबर लावत होता. गाडी ओळखून तो उभा राहिला. महिपत एकटाच उतरून त्याच्यापर्यंत गेला. बॅटरी, दिवे, काटा, सगळं त्याने सांगितलं. सांगताना आपल्याच आवाजाची त्याला चीड येत होती.

राघोने हातातला कुंचला डब्यात ठेवला.

"तू लॉरीवर व्हतास तवा दोन वर्सं आपण एका डब्यात जेवलो," तो म्हणाला. "काटा बगितलास. मना कदी बगितला न्हायस?"

मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. वाळूत पाटलांच्या वहाणा वाजू लागल्या. राघोने तिकडे मान वळवली नाही. तो महिपतच्या उत्तराची वाट बघत होता.