नरसिंगचा बाप

नरसिंगला सायकलवाल्यांचा राग यायचा, म्हणजे साधासुधा नाही. सकाळी जीपचं स्टेअरिंग हातात आलं आणि समोर डांबरावर एखादा मोठा बाप्या सायकल हाणताना दिसला, की ह्याच्या तळपायाची आग मस्तकात गेलीच म्हणून समजा. पोरगं असलं तर एक वेळ ठीक, शाळेला चाललंय, जाऊ द्या. पण मिशा पांढऱ्या झाल्या, दारात नातवंडं खेळायला लागली, आणि हा गडी अजून पायडल मारतोय! अरे, लाज कशी वाटत नाही?

त्याची काळी-पिवळी जीप नांदेड ते मुदखेड चालायची. पुढं चार, मागं दहा, टपावर गठुडी. एवढा संसार घेऊन माणूस घाईत निघालेला असतो, आणि पुढं हे डुलत डुलत! हॉर्न दिला तर मान वळवून बघणार, जसं काही आपणच त्यांच्या वावरात शिरलोय. नांदेडच्या डॉक्टर-वकिलांची तर आणखीनच तऱ्हा. घट्ट चड्ड्या, डोक्यावर टरबुजाच्या सालीसारखी टोपडी, आणि चौघं चौघं लायनीत. "घरी दोन-दोन गाड्या हायत," नरसिंग स्टँडवर तावातावानं सांगायचा, "आणि हिथं आमच्या टायराखाली मरायला येऊन राहिलेत. रोड काय यांच्या बापाचा हाय?"

स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर हसायचे. त्यांच्यातही कुणाला सायकलवाल्यांचं कौतुक होतं अशातला भाग नाही. त्यावर त्यांनी एक औषध काढलं होतं. त्याला ते 'मुरूम दाखवणं' म्हणत. मागून गुपचूप जवळ जायचं, अगदी पाठीला लागलो की हॉर्न दाबून धरायचा आणि गाडी जराशी डावीकडं घालायची. गडी दचकतो, डांबर सोडून कडेच्या मुरुमात उतरतो, चाक रुततं, एका पायावर नाचत कसाबसा उभा राहतो. आपण आरशात बघायचं आणि हसायचं. मागच्या सवाऱ्याही हसतात. कुणाला खरचटत नाही, काही नाही.

ह्या कामात नरसिंगचा हात कुणी धरत नव्हतं. रेणापूरकडून एक नवा ड्रायव्हर आला, मन्मथ नावाचा, मामाची जीप चालवायला. त्यालाही नरसिंगनंच शेजारी बसवून शिकवलं. "अंगाला लागू द्यायचं न्हाई बरं का. नुसतं भ्याव दाखवायचं. आपलं आपणच उतरतंय खाली."

आता खरी गोम ऐका. ह्याच रस्त्यावर, मुदखेडच्या अलीकडं, रोज सकाळी एक म्हातारा सायकलवर दिसायचा. धोतर, पांढरा पटका, कॅरेजवर हिरव्या लुगड्यात बांधलेलं फुलांचं गठुडं. पाठीत वाकलेला, पण पायडल मारायला एक नंबर. तो शेषेराव. नरसिंगचा बाप.

शेषेरावानं वावराच्या एका तुकड्यात झेंडू लावलेला. रोज पहाटे तो आणि त्याची बायको विठाबाई फुलं तोडायचे. विठाबाई आपल्या जुन्या लुगड्यात ती बांधून द्यायची, आणि म्हातारा मुदखेडच्या फुलवाल्याकडं निघायचा. त्याच्या गुडघ्याला चालणं सोसत नव्हतं, सायकल मात्र सोसायची. दोन पावलं चालला की कळ यायची, आणि सायकलवर टांग टाकली की जवान.

पण हे लोकांना कोण सांगणार? गावातले लोक म्हणायचे, पोरगा जीप उडवून राहिला आणि बापाला सायकलवर सोडलंय. नरसिंगचं नाक कापलं जायचं ते इथं. एकदा त्यानं इरेला पेटून जुनी मोटारसायकल आणून दारात लावली. "आबा, आजपासनं ही. सायकल बंद."

शेषेरावानं गाडीला एक चक्कर मारली, सीटवर हात फिरवला आणि म्हणाला, "चांगली हाय. पाऊस लागू देऊ नको तिला." तिच्यावर ताडपत्री टाकून तो सायकल घेऊन निघून गेला.

"निदान फुलं तरी माझ्या जीपमधी टाका!"

"तुझ्या सवाऱ्या बसत्यात माझ्या फुलावर," म्हातारा म्हणाला, आणि तेही खोटं नव्हतं.

काय करायचं अशा माणसाचं? नरसिंगनं मग सोपा रस्ता धरला. बाप रस्त्यात दिसला, की काच वर, मान सरळ, आणि गाडी लांबून काढायची. ना हॉर्न, ना हाक. बापही बघायचा नाही. दोघांचं हे असं ठरून गेल्यासारखं झालं होतं.

मन्मथला शिकवायला शेजारी बसवलं होतं, तेव्हा त्यानं बरोबर हेरलं. "ह्याला काहून सोडलं, नरसिंगभौ? ह्याला न्हाई दाखवला मुरूम?"

"जाऊ दे की."

"वळखीचा हाय का?"

नरसिंगच्या तोंडात आलं होतं, पण बाहेर पडलं ते भलतंच. "न्हाई बा. असंल कुणीतरी." आणि वरून, कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाला, "आपला बाप मोटारसायकलवर फिरतो. सायकलला हात लावत न्हाई." त्या दिवसापासून स्टँडवर हेच झालं. कुणी घरची चौकशी केली, की नरसिंगचा बाप मोटारसायकलवर. सांगून सांगून त्याला स्वतःलाच ते निम्मं खरं वाटायला लागलं होतं.

मग खंडेनवमी आली. गाड्यांची पूजा, म्हणजे नांदेडच्या स्टँडवर सणच. सकाळी सकाळी जीपा धुऊन पुसून उभ्या, कुणी नारळ फोडतोय, कुणी टायराखाली लिंबू ठेवतोय, कुणी मुदखेडवरून येणाऱ्या हारांची वाट बघतोय. झेंडूला त्या दिवशी सोन्याचा भाव. नरसिंगचा नंबर पहिला लागला होता, गाडी निम्मी भरली होती, आणि तो बॉनेटला हळद-कुंकू लावत होता.

तेवढ्यात मुदखेडकडून मन्मथची जीप आली. काय तिची शान! वायपरमध्ये झेंडू, आरशाला झेंडू, जाळीत झेंडू खोचलेला. सगळे धावले. "अबे, एवढी फुलं कुठं घावली?"

मन्मथ खाली उडी मारून उतरला. "फुकट! मुदखेडला जाताना मुरूम दाखवला ना एकाला. म्हातारं आडवंच झालं. गठुडं सुटून माझ्या चाकापाशी आलं. म्हणलं सण हाय, वाया काहून घालू? घेतलं उचलून."

सगळे खो खो हसले. नरसिंगही हसला. म्हणजे तोंड हसलं, कारण सगळे हसत होते.

"अन् पुढं ऐका," मन्मथला आणखी चेव आला, "म्हातारं खाली पडल्या पडल्या मला म्हणतंय कसं, मी नरसिंगचा बाप हाय रे! म्हणलं, हाव का? नरसिंगचा बाप मोटारसायकलवर असतोय, मला शिकवतो का? आजकाल कुणीबी उठतंय आणि नरसिंगभौचं नाव सांगून राहिलंय!"

हसण्याचा गलका झाला. कुणीतरी नरसिंगच्या पाठीवर थाप मारली. मन्मथनं सीटखालून उरलेली फुलं काढली आणि नरसिंगच्या पुढ्यात धरली. "घ्या भौ, तुमच्याबी गाडीला."

फुलं ज्या फडक्यात होती ते हिरवं लुगडं होतं. काठ विटलेला, एका कोपऱ्याला विठाबाईनं पांढऱ्या दोऱ्यानं घातलेला टाका. नरसिंगनं त्या टाक्याकडं बघितलं. आत्ता बोलावं. आत्ताच. हा माझा बाप, हे माझ्या आईचं लुगडं, आणि भडव्या, तुझा हात जागेवर ठेवत नाही! पण भोवती दहा तोंडं हसत होती, आणि इतके दिवस सांगितलेली ती मोटारसायकल घशात अडकून बसली होती.

"कुठं पडला?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"पुलाच्या पुढं. मरत न्हाई हो, ते बसलं व्हतं उठून."

नरसिंगनं लुगडं हिसकावून घेतलं, जीपमध्ये टाकलं आणि चावी फिरवली. आत बसलेल्या बायका ओरडल्या, अजून सवाऱ्या भरायच्यात, चाललास कुठं? "उतरा खाली!" तो असा खेकसला की त्या खरंच उतरल्या. सणाच्या दिवशीचा पहिला नंबर सोडून रिकामी जीप मुदखेडच्या रस्त्याला लागलेली बघून स्टँडवाल्यांना वाटलं, ह्याला अचानक काय झालं!

वाटेत दोन सायकलवाले लागले. दोघंही मागून जीपचा आवाज आल्याबरोबर आपण होऊन मुरुमात उतरले आणि पाय टेकून उभे राहिले. नरसिंगनं हॉर्न दिलाच नव्हता. ते त्याच्या जीपकडं असे बघत होते, जसं पिसाळलेलं कुत्रं जाईपर्यंत माणूस भिंतीला चिकटून बघतो. रोज बघत असतील. ह्यानं आज पाहिलं.

पुलाच्या पुढं शेषेराव चालत होता. चालत! ज्याला दोन पावलं सोसत नाहीत, तो माणूस एका हातानं सायकल ढकलत डांबराच्या कडेकडेनं मुदखेडकडं निघाला होता. पुढचं चाक वाकलेलं, दर फेऱ्याला चिमट्याला घासत होतं. कोपर सोलून रक्त धोतरावर आलेलं. पटका नव्हता, आणि उघड्या डोक्याचा आपला बाप नरसिंगनं रस्त्यावर कधी बघितला नव्हता.

"आबा!" जीप थांबवून तो धावला. "बसा गाडीत. दवाखान्यात जाऊ."

शेषेराव थांबला नाही. "फुलवाला वाट बघून राहिला असंल. त्याला सांगाया पायजे, माल येत न्हाई म्हणून."

"मी सांगतो त्याला! तुमी बसा."

"तुझ्या सवाऱ्या?"

"उतरवल्या. आबा, पाया पडतो, बसा."

म्हाताऱ्यानं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. "तुझा बाप मोटारसायकलवर असतोय म्हणं," तो म्हणाला, आणि सायकल ढकलत पुढं निघाला.

हात धरावा तर म्हातारा झिडकारणार, सोडून जावं तर मागून ट्रक, जीपा, सणाची गर्दी सुसाट येतेय. शेवटी तो जीपमध्ये बसला, पहिला गिअर टाकला आणि बापाच्या मागं मागं गाडी ढकलायला लागला. पुढं म्हातारा आणि वाकडं चाक, मागं रिकामी काळी-पिवळी.

थोड्याच वेळात मागं रांग लागली. हॉर्नवर हॉर्न. एक ट्रकवाला डोकं बाहेर काढून त्याच्या आईचा उद्धार करत गेला. एक कारवाला, "झोपलास का बे?" म्हणून थुंकला. नरसिंगचे कान तापले, डोळे भरून आले, पण त्यानं डावीकडची जागा सोडली नाही. म्हाताऱ्याच्या आणि त्या गाड्यांच्या मध्ये आत्ता फक्त त्याची जीप होती, आणि एवढं तरी त्याला करायचं होतं.

मग एक हॉर्न ओळखीचा आला. मन्मथ. पहिला नंबर आयता मिळाला म्हणून गाडी भरून निघालेला, बॉनेटवर तीच फुलं. जीप शेजारी आणून तो ओरडला, "नरसिंगभौ, रोड अडवून काय तमाशा मांडलाय? कोण हाय ते म्हातारं?"

म्हाताऱ्याच्या पाठीवर मुरमाची लाल माती तशीच होती. नरसिंगनं काच खाली घेतली.

"माझा बाप हाय," तो ओरडला. इतक्या जोरात, की मन्मथच्या मागच्या सवाऱ्यांनी माना बाहेर काढल्या. "माझा बाप हाय तो!"

मन्मथचा चेहरा उतरला. त्यानं म्हाताऱ्याकडं बघितलं, आपल्या बॉनेटकडं बघितलं. आणि मग, चूक दुसऱ्यावर ढकलायची घाई झाल्यासारखा, उलटा चिडूनच म्हणाला, "मंग आधी सांगायचं व्हतं की!"

शेषेरावानं मागं वळून बघितलं नाही. सायकल ढकलता ढकलताच तो म्हणाला, "म्या सांगितलं व्हतं."